अर्ध्या जोराची कप्पी

घरात व्हिडिओ काढायचा म्हणजे काय, हे क्रांतीला सकाळीच कळून चुकलं. ती फळ्यासमोर उभी राहून 'भार' म्हणाली की शेजारचा मिक्सर सुरू होई, आणि 'बल' म्हणाली की सासूबाई हिराबाई ओसरीवरून विचारत, "कोनाशी बोलते गो?"

डहाणूच्या ज्या डिप्लोमा कॉलेजात ती मेकॅनिक्स शिकवायची, तिथल्या प्राचार्यांनी फर्मान काढलं होतं. तपासणीची कमिटी येणार, तेव्हा प्रत्येकाने आपल्या धड्यावर एकेक व्हिडिओ करून आज दुपारपर्यंत पाठवायचा. क्रांतीच्या वाट्याला कप्पी आली होती.

शेवटी वैतागून ती नवऱ्याला, जतीनला, घेऊन धाकटी डहाणूच्या खाडीवर आली. ओहोटीमुळे जतीनची होडी चिखलात टेकली होती. डोलकाठीला वर कप्पी होतीच, त्याने दोरीत ओवून खाली आणखी एक अडकवून दिली.

"काही झालं तरी मोबाइल बंद करायचा नाही," क्रांतीने बजावलं. "आणि व्हिडिओ झाला की लगेच सरांना पाठव."

"बरं."

आता उचलायला वजन हवं होतं. तेवढ्यात हिराबाई ओल्या बोंबलांची टोपली घेऊन बाजाराच्या रिक्षाकडे निघालेल्या दिसल्या.

"आई, टोपली द्या ना. पाचच मिनिटं."

"रिक्षा थांबलीय गो! बोंबील काय थांबतात?"

"कॉलेजचं काम आहे."

'कॉलेज' या शब्दापुढे हिराबाई नेहमीच नमत. कुरकुरत त्यांनी टोपली दिली.

"विद्यार्थी मित्रांनो," क्रांतीने दोरी धरली, "दोन कप्प्या असल्या की निम्म्या जोरात भार उचलता येतो. पाहा, किती सहज!"

टोपली खरंच सहज वर गेली. क्रांती खूश झाली आणि चेहरा नीट दिसावा म्हणून दोरी ओढत ओढत कॅमेऱ्याकडे सरकली. दोरी तिरकी झाली, वरच्या कप्पीच्या खाचेतून सुटली आणि चाकाच्या बाजूला जाऊन गच्च बसली. टोपली हवेत. ना वर, ना खाली.

पहिला कावळा आला तो टोपलीच्या काठावरच बसला.

"हाड! हाड मेल्या!" हिराबाईंनी चप्पल भिरकावली. चप्पल चिखलात पडली, कावळा जागेवरच.

जाळी विणत बसलेली माणसं उठून आली. जतीनचा चुलतभाऊ भीमा म्हणाला, "वहिनी, जोर कमी पडतो तुमचा." त्याने दोरी धरली. मग त्याच्या मागे बाबल्याने धरली, मग आणखी तिघांनी. जितकी ओढावी तितकी दोरी आत रुतत गेली.

"ओढू नका! ओढल्याने घर्षण वाढतंय!" क्रांती ओरडली.

"काय वाढतंय?"

"अहो, अडकतेय जास्त!"

"मग असं मराठीत सांगा ना!"

बायका, पोरं, मासे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांची गर्दी झाली. रिक्षावाल्याने चार वेळा हॉर्न मारला आणि निघून गेला. हिराबाईंनी कपाळाला हात लावला. "गेला माझा बाजार!"

"जतीन, तो मोबाइल ठेव आणि ये इकडे!"

"तूच सांगितलं ना, बंद करायचा नाय," जतीन शांतपणे म्हणाला आणि कावळा जवळून दिसावा म्हणून पुढे सरकला.

शेवटी भीमा डोलकाठीवर चढला. त्याने दोरीला एक हिसडा दिला. दोरी सुटली, तशी खाली ओढणारी माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली, त्यांच्या हातून दोरी निसटली आणि टोपली धाडकन जाळ्यांच्या ढिगावर आली. कावळ्यांनी नेले तेवढे सोडले तर बाकीचे बोंबील शाबूत होते. सगळी खाडी खो खो हसत सुटली.

हिराबाई पदर खोचून गर्दीसमोर उभ्या राहिल्या. "हसलात ना पोट धरून? आता घ्या! घेतल्याबिगर एक जण जायचा नाय!"

हसलेल्या माणसांना नाही म्हणता येईना. बघता बघता टोपली रिकामी झाली. क्रांती होडीच्या कडेला डोकं धरून बसली होती. तिला आठवलं, मोबाइल!

"जतीन, तो व्हिडिओ पुसून टाक."

"पाठवला. तूच बोललीस ना, लगेच पाठव."

क्रांतीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्य.

"सर, ते चुकून..."

"मॅडम, अप्रतिम! घर्षण म्हणजे काय हे इतकं जिवंत कुणी दाखवलं नव्हतं. कमिटीला हाच दाखवू. पण तुमचा धडा कप्पीचा होता ना? तो तेवढा उद्या सकाळी द्या."

फोन ठेवून ती हिराबाईंकडे वळली. चाचरत म्हणाली, "आई, सर म्हणतात, उद्या पुन्हा..."

ती ओरडा खायच्या तयारीतच होती. हिराबाईंनी रिकामी टोपली काखेत मारली.

"उद्या दोन टोपल्या आनते," त्या म्हणाल्या. "तेवढं ते चाक दुरुस्त करू नको, हां."