बटण वहिनींच्या फोनात

"डोकं स्थिर ठेव जरा," डॉक्टर म्हणाला. "हलवायला अख्खी संध्याकाळ पडलीये."

फोरमन मान ताठ करून बसला. डॉक्टरने त्याच्या दोन्ही कानांतली यंत्रं काढली, कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावरच्या रेघा वरखाली करायला सुरुवात केली. एकेक रेघ जागेवर बसली की तो स्वतःशीच "वा" म्हणत होता.

हा डॉक्टर खरा डॉक्टर नव्हे. लोकांचे कान तपासायचे आणि त्यांना ऐकू यायचं यंत्र बसवून द्यायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. पण अंगात पांढरा कोट असला की लोक डॉक्टरच म्हणतात, आणि माणूस किती जणांची समजूत घालत बसणार? फोरमन मात्र खरा फोरमन. छापखान्यातल्या मोठ्या मशीनशेजारी तीस वर्षं उभं राहून त्याने दोन्ही कानांची वाट लावून घेतली होती. त्याच्या बायकोला हे मान्य नव्हतं. तिच्या मते मशीन बिचारं निर्दोष होतं. कान घालवले होते ते त्या आरडाओरडा करणाऱ्या चार बाप्यांनी.

ते चार बाप्ये म्हणजे या दोघांचं दैवत. शाळेत असल्यापासून दोघं त्यांच्या मेटल बँडच्या नादी लागले होते. गायक आता अडुसष्टचा होता, ड्रमवाल्याने एक गुडघा बदलून घेतला होता, आणि संध्याकाळी पाचला सुरू होऊन साडेसातला संपेल असाच कार्यक्रम ते घेत. नंतर त्यांना झोप येई. असा हा बँड आज गावाबाहेरच्या मैदानावर शेवटचा कार्यक्रम करणार होता.

याआधी तो बँड या गावात एकदाच आला होता. तेव्हा दोघं एकोणीस वर्षांचे होते. तिकिटं डॉक्टरच्या पँटच्या खिशात होती आणि पँट साबणाच्या पाण्यात होती. त्या लगद्याबद्दल फोरमन पुढे एक शब्द बोलला नाही, आणि डॉक्टरला नेमकं तेच आयुष्यभर छळत आलं. चार शिव्या घातल्या असत्या तर विषय मिटला असता.

"हे बघ," डॉक्टरने यंत्रं परत कानांत बसवली. "तुझा आलेख दरवर्षी खाली चाललाय. दोन वर्षांनी तुला गिटार आणि मिक्सर यांतला फरक कळणार नाही. म्हणून आज असं काही बसवून दिलंय की नाव काढशील."

गिटार आणि मिक्सरचं हे वाक्य त्याने मागे एकदा वहिनींसमोर, म्हणजे फोरमनच्या बायकोसमोरही, टाकलं होतं. "तो फरक मला आत्ताही कळत नाही, भावजी," असं म्हणून त्या शिकवणीच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासायला आत निघून गेल्या होत्या.

फोरमनला बाकी कशाचं काही नव्हतं. त्याला एकच गाणं हवं होतं. लोहाराच्या मुलीचं, अकरा मिनिटांचं, जे हे चौघं प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यात शेवटी वाजवत. ते एकदा, समोर उभं राहून, डॉक्टरच्या शेजारी. मग कान गेले तरी चालतील, असं तो म्हणायचा, आणि ते थट्टेत म्हणत नसे.

पाच वाजता दोघं मैदानात होते, स्टेजपासून वीस हातांवर. दिवे लागले, चौघं म्हातारे आले, गिटारवाल्याने पहिली तार छेडली. वीस हजार माणसांनी हात वर केले. त्यांत डॉक्टरचेही होते.

फोरमनला मात्र भिंतीपलीकडे कुणीतरी दळण दळावं तसं ऐकू आलं. आणि त्या दळणावरून, अगदी कानाशी बसून सांगावं इतक्या स्वच्छ आवाजात, मागची एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "मी तुम्हाला सांगत होते, मोरीला पांढऱ्या फरशा नकोत."

फोरमनने वळून बघितलं. ती बाई चार रांगा मागे होती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मला फरशा ऐकू येतायत."

"काय?"

"फरशा. मोरीच्या. बँड नाही ऐकू येत."

मग डॉक्टरला कळलं, आपण दुपारी काय करून ठेवलंय. बावीस वर्षं त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच गाऱ्हाणं घेऊन आला होता: गोंगाट कमी करा, बोलणं ऐकू द्या. लग्नकार्यात, बाजारात, मुलांच्या गलक्यात बोलणं ऐकू द्या. दुपारी मित्राचं यंत्र समोर आलं, उत्तमातलं उत्तम करून द्यायचं ठरलं, आणि हात आपोआप सवयीच्या जागी गेले. जेवढा मोठा आवाज, तेवढा तो दाबायचा. त्यापलीकडचं माणसाचं बोलणं वर उचलायचं. इतकं सुरेख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"काढून टाक यंत्रं," तो फोरमनच्या कानात ओरडला.

फोरमनने काढली. आता पोटात ढोल वाजत होते, बाकी सगळं गुडूप. गिटारवाला बोटं नाचवत होता, एवढं दिसत होतं. त्याने यंत्रं परत घातली. फरशांवरून बाई आता सासूवर आली होती.

"दवाखान्यात जाऊन नीट करून आणू," फोरमन म्हणाला.

"जायला तास, यायला तास. वर ट्रॅफिक," डॉक्टर ओरडला. मग एकदम त्याला आठवलं. "अरे, त्यात संगीताची सेटिंग आहे की. फोनवर बटण आहे. कुठाय तुझा फोन?"

फोरमनने खिशातून फोन काढला. त्याला टचचा पडदा नव्हता, दाबायचे आकडे होते. यंत्राला स्मार्टफोन लागतो असं विकत घेताना डॉक्टरने सांगितलं होतं, तेव्हा फोरमनने आयुष्यात असली थेरं करणार नाही म्हणून हात वर केले होते, आणि यंत्र वहिनींच्या फोनला जोडलं गेलं होतं. तेव्हापासून घरात आवाजाची किल्ली त्यांच्याच हातात होती. स्वतःला बोलायचं असलं की त्या आवाज वाढवत.

"तुझ्या फोनला जोड."

"एका वेळी एकच फोन. तो सोडवायचा तर दवाखान्यातला कॉम्प्युटर लागतो."

"मग घरून दाबू दे की तिला."

"दहा पावलांच्या आत असावं लागतं."

स्टेजवर दुसरं गाणं संपलं. "मीच," डॉक्टर म्हणाला. "दुसऱ्यांदा मीच." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"रड नंतर," फोरमन म्हणाला. "आधी तिला आणू."

फोन त्यालाच करावा लागला. वीस हजार माणसांत फोनवरचं बोलणं ऐकू येणारा तो एकटाच होता.

"अगं, फोन घेऊन इकडे ये. आहेस तशी."

"कितवं गाणं चाललंय?" पलीकडून शांतपणे प्रश्न आला.

फोरमनला वाटलं, गणिताची बाई, वेळेचा हिशोब करत असणार. "तिसरं."

"म्हणजे अजून आठ आहेत. पोचते."

तिच्याकडे तिकीट नव्हतं. डॉक्टर फाटकाकडे निघाला, आणि मागोमाग फोरमनही. फाटकावरच्या बाईने हात आडवा केला. गळ्यात शिट्टी, हातात प्रेक्षकांच्या मनगटांवरच्या पट्ट्या कापायची कात्री, आणि चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन.

"बाहेर गेलात की आत येणं नाही. पट्टी कापणार."

"मी जाणारच आहे बाहेर," डॉक्टर म्हणाला. "माझ्या जागी यांच्या बायकोला सोडा."

"तिकीट बदलता येत नाही."

"ती प्रेक्षक नाहीये हो. ती याच्या यंत्राचं बटण घेऊन येतेय."

हे ऐकल्यावर बाईने दोघांचा वास घेतल्यासारखं केलं. प्यायलेले नव्हते. फोरमनने कानातलं यंत्र काढून तिच्या तळहातावर ठेवलं, आणि डॉक्टरने लगदा झालेल्या तिकिटांपासून मोरीच्या फरशांपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई हटली नाही. पण यंत्र उलटसुलट करून बघत राहिली.

"असलंच आमच्या सासऱ्यांना घेतलंय," ती म्हणाली. "कपाटात पडून असतं. म्हणतात, भांडी वाजली की डोकं उठतं."

डॉक्टर इतक्या वेळात पहिल्यांदा सरळ उभा राहिला. "कुणी बसवून दिलंय? भांड्यांचा आवाज दहा मिनिटांत खाली आणता येतो. फोन आहे ना तुमच्याकडे? घरी गेल्यावर कुठलं बटण दाबायचं ते दाखवतो."

आत नववं गाणं सुरू झालं तेव्हा वहिनी आल्या. घरातल्याच साडीवर, खांद्याला पर्स, हातात फोन आणि कानामागे तपासायचं लाल पेन तसंच राहिलेलं. फाटकावरचा पेच त्यांनी दोन वाक्यांत ऐकला.

"एक बाहेर, एक आत," वहिनी फाटकावरच्या बाईला म्हणाल्या. "आतली संख्या तेवढीच. तुमचा हिशोब कुठे चुकतोय?"

बाईने एकदा डॉक्टरकडे बघितलं. सासऱ्यांचं यंत्र आणि नियम यांचं वजन तिने मनात करून पाहिलं असावं. "तुम्ही इथेच थांबणार ना?" तिने डॉक्टरला विचारलं.

"शेवटपर्यंत," डॉक्टर म्हणाला, आणि पट्टी कापायला मनगट पुढे केलं.

"डॉक्टर, तू आत ये रे. आपलं दोघांचं ठरलं होतं," फोरमन म्हणाला.

"जा लेका. मला इथूनही ऐकू येतं. कान चांगले आहेत माझे."

नवरा-बायको गर्दीतून वाट काढत स्टेजसमोर पोचले तेव्हा दहावं गाणं संपत होतं. दिवे विझले. एकच निळा दिवा राहिला. गिटारवाल्याने लोहाराच्या मुलीच्या गाण्याचे पहिले सात सूर वाजवले, आणि वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवून बटण दाबलं.

फोरमनच्या कानांत लोहाराचं सगळं दुकान उघडलं. भाता, ऐरण, ठिणग्या, सगळं. गायकाचा आवाज चिरकला होता, पण तोच होता, पस्तीस वर्षं उशाशी असलेला. फोरमन लहान मुलासारखा रडला. मान हलवायचं तर ठरलेलंच होतं. ती त्याने हलवली.

मधेच त्याचं लक्ष शेजारी गेलं. बायकोचे ओठ हलत होते. संगीताच्या बटणामुळे बोलणं आता अजिबात ऐकू येत नव्हतं. कुरकुरत असेल, एवढ्या आवाजात आणलं म्हणून, असं वाटून तो घाईने म्हणाला, "हो, हो. हे झालं की निघूच."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओठ हलतच होते. फोरमनने नीट पाहिलं. गायकाचं तोंड उघडायच्या आधी तिचं उघडत होतं. शब्द न् शब्द. तिसऱ्या कडव्यात जिथे गायक श्वास घेतो, तिथे तिनेही घेतला. अठ्ठावीस वर्षं ती शेजारच्या खोलीत दार लावून पेपर तपासत होती, आणि दार पातळ होतं.

अकरा मिनिटं संपली. दोघं फाटकाशी आले. डॉक्टर खुर्चीवर बसला होता, समोर फाटकावरची बाई, तिच्यामागे आणखी चार जण आपापले फोन धरून उभे.

"ऐकलंस?" डॉक्टरने विचारलं.

फोरमनला प्रश्न ऐकू आला नाही, पण त्याने डॉक्टरला घट्ट मिठी मारली. तीस वर्षांच्या लगद्याचा तेवढ्यात निकाल लागला.

"वहिनी, याला बोलण्यावर आणा ना परत," डॉक्टर म्हणाला.

"घरापर्यंत राहू दे असंच," वहिनींनी फोन पर्समध्ये टाकला. "दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला घाईत आला, भावजी. कॅसेटमध्ये बरोबर आहे."

डॉक्टरने कपाळावर हात मारला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे आता कळून काय उपयोग? हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता."

"पाच वर्षांपूर्वी दुसरीकडे केला, तोही शेवटचाच होता. पेपरात वाचलं होतं मी," वहिनी म्हणाल्या. कानामागचं लाल पेन सापडल्यावर त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. "पुढच्या शेवटच्याला तीन तिकिटं काढा. आणि ती माझ्याकडे द्या."