माश्यांचे माने सर

पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारक्या माश्या तुम्ही हाकलता. आमचे शेजारी माने सर त्यांना जेवायला घालतात. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून! एकदा त्यांच्या ओट्यावर निवत ठेवलेला तो ऐवज सांजा समजून मी चमचाभर खाल्ला. सर ओरडले, "अवो, माश्यांचं हाय ते!" मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "गूळ कमी पडलाय काय?"

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर उचगावच्या फ्लॅटमध्ये सूक्ष्मदर्शक आला, मागोमाग बाटल्यांतून माश्या आल्या. गॅसवाला असो की माझे सासरे, सर हाताला धरून आत नेणार. "या पावणं, अंडं बघा!" अंडं फुटायच्या आधी आत आतडं वळतं, उघडी पाठ दोन्ही बाजूंनी मिटत येते, तिच्याखाली काळीज धडधडू लागतं. सर हे सांगतात ते घरचं कार्य असल्यासारखं. "सगळं तयार असतंय, पण श्वासाच्या नळ्यांत पाणी. अगदी शेवटाला त्यात हवा भरती. मग बघा कशा चमकत्यात!"

त्यांची लेक राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई कधीच गेलेली, म्हणून डिंकाचे लाडूही सरांनीच वळले. ते मात्र मी विचारून खाल्ले.

बाळ फार लवकर झालं. मुलगी, फुप्फुसं कच्ची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, श्वासाला मशीन लावलं. राजश्री दवाखान्यातून फोन करतेय आणि सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले! मी चिडलेच.

"सर, लेक एकटी हाय तिथं. माश्या कसल्या बघताय?"

"हिच्यात हवा भरू दे," ते मान वर न करता पुटपुटले. "मग येतो."

एवढा मोठ्या आवाजाचा माणूस भ्याला होता. माझा राग गेला. मी स्टूल ओढून शेजारी बसले. बऱ्याच वेळानं ते "भरली" म्हणाले आणि चपला शोधू लागले.

नात पुढे सुधारली. आता ती बाटल्या पाडते आणि सर माश्यांमागे धावतात. मला मात्र त्या दिवशीचं वॉर्डचं दार आठवतं.

"बाळंतिणीजवळ एकच बाई थांबू शकते," नर्स म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही तिच्या आई का?"

"मी हाय की," सर म्हणाले आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसले.