पिंगळीकर सरांचा वाटी-सिद्धांत

सकाळी सकाळी दारात उभं राहून "वहिनी, काल तुमची वाटी कुणाकडं गेली?" असं विचारणारा माणूस एकतर चोर असतो, नाहीतर चहाडखोर. आमचे पिंगळीकर सर दोन्ही नव्हते. ते फिजिक्सचे प्राध्यापक होते, आणि त्याचा त्रास जास्त.

जिंतूरला आमच्या गल्लीत ते एकटेच भाड्याने राहत. कॉलेजात अणूच्या पोटातले कण शिकवत, म्हणजे फळ्याशी बोलत. पोरं तोवर एसटी स्टँडवर चहा पीत असत. तुंबलेली विद्वत्ता मग आमच्यावर सांडे. घरातल्या भिंतीवर त्यांनी कोळशाने अख्खी गल्ली काढली होती. प्रत्येक घराला एक गोल, आणि ज्या दोन घरांत वाट्यांची ये-जा त्यांच्यामध्ये रेघ. रोज काही रेघा वाढत, काही पुसल्या जात.

"दोन कण नुसते शेजारी ठेवले म्हणून चिकटत न्हाईत," ते मला ओट्यावर बसवून सांगत. "मधी तिसऱ्या कणानं ये-जा करावी लागती. तुमची वाटी कढी घेऊन जाती, चटणी घेऊन येती. रिकामी परत करायची न्हाई, हाच नियम! ये-जा थांबली की बल खलास."

"हे माझ्या बायकोला न शिकता कळतं," मी म्हणे.

"कळतंय, पण मांडता येत न्हाई."

अशा माणसाला सरकार पगार का देतं, हे मला कधीच कळलं नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं. समोरचे गायकवाड मास्तर नामांतराच्या बाजूचे, बाकी गल्ली विरुद्ध. मी कुठल्याच बाजूचा नव्हतो. मी घाबरट होतो. लोक काय म्हणतील म्हणून बायकोला गायकवाडांकडे जाणं-येणं बंद करायला लावलं. त्यांची नाव घातलेली वाटी आमच्या फळीवर तशीच पडून राहिली.

महिन्याभराने सर हजर.

"वाटी तुमच्याकडं अडकलीय. मास्तरांची परभणीला बदली झालीय, सोमवारी जायलेत. आता राहिली तर जन्माची राहिली."

"तुम्ही तुमचे कण मोजा," मी खेकसलो. "माणसांच्या भानगडीत पडू नका."

सरांनी फळीवरची वाटी उचलली, पिशवीत टाकली आणि चालते झाले.

रविवारी गायकवाडवहिनी दारात. हातात तीच वाटी, वर झाकलेली पुरणपोळी.

"तुमचे लाडू पोचले," त्या बायकोला म्हणाल्या. "सर म्हणले, तुमी पाठवले." मग हसल्या. "तुमच्या हातचे लाडू मला माहीत न्हाईत व्हय? पण वाटी रिकामी कशी ठेवू? आता ही राहू द्या. परत द्यायला परभणीला या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

सरांना खडसावायचं म्हणून गेलो. चुलीजवळ गुळाचा पाक करपून काळं झालेलं पातेलं. भिंतीवर आमच्या आणि गायकवाडांच्या गोलांमधली रेघ पुन्हा ठळक केलेली. खडसावायचं बाजूला ठेवून विचारलं, "ह्यात तुमचं घर कुठंय?"

"निरीक्षक आकृतीत नसतो," सर ऐटीत म्हणाले. मग पातेल्याकडे बघत हळूच म्हणाले, "आन् आमच्याकडं वाटीत घालून द्यायला असतंय काय?"

इतकी वर्षं मी या माणसाला हसलो होतो. त्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

संध्याकाळी बायकोने सरांकडे वाटीभर पिठलं पाठवलं. आठ दिवस वाटी परत आली नाही. नवव्या दिवशी सर स्वतः घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वाटीत दोन लाडू, दगडासारखे.

एक मी त्यांच्यासमोरच अडकित्त्याने फोडून सबंध खाल्ला. दुसरा गायकवाडांच्या वाटीत ठेवला, परभणीला न्यायला.