हिराकाकूंची जाळीची शाल

"बाय, जरा आडवी हो."

शेजारच्या हिराकाकूंनी मला पहिल्यांदा घरात बोलावलं तेव्हाचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, नजर-बिजर काढणार असतील. मी दिवाणावर आडवी झाले. त्यांनी माझ्या गळ्यापासून खाली एक अर्धवट विणलेली पांढरी शाल पसरली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"तुजी न् माजी उंची सारकीच. अजून हातभर पायजे."

"कुणासाठी विणताय?"

"माज्यासाठीच. मेल्यावर घालायला."

मी ताडकन उठून बसले.

आमच्या कामोठ्यात जानेवारीतही पंखा लागतो. तिथे ही बाई मांडीवर लोकर घेऊन घामाघूम होत विणायची. नमुनाही साधा नाही. बारीक जाळी, पानांची नक्षी. एक धागा पुढे, दोन टाके एकत्र. मोजताना कुणी बोललं की त्याच्यावर सुई रोखायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या दुरुस्तीवरून मतदान चाललं होतं. काकू कोपऱ्यातून "बावीस!" म्हणून ओरडल्या आणि सेक्रेटरींनी तेवढी मतं लिहून घेतली.

तेच सेक्रेटरी एकदा भीतभीत म्हणाले, "काकू, लोकर लवकर जळत नाही हो."

"मग मला कुटं घाई हाय?"

मूलबाळ नाही. जमीन शहराखाली गेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. बोलायला माणूस कमी, म्हणून असेल, काकू भांडायच्या भरपूर. त्यातही रोजचं भांडण वरच्या मजल्यावरच्या दिलीपशी. हा ओडिशाचा, तळोज्याला केमिकल कंपनीत कामाला. त्याच्या युनिफॉर्मचं पाणी काकूंच्या बाल्कनीत ठिबकायचं.

"ए दिलीप! माजी शाल भिजली तर तुला सोडनार नाय!"

"हां मौसी," वरून हसत उत्तर यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिबक.

गेल्या वर्षी कंपनीत गॅस गळला आणि दिलीप गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्युलन्स सोसायटीच्या गेटवर थांबली. गावाला नेण्याआधी त्याचा मेहुणा खोलीतली बॅग घ्यायला आला होता. काकू विणकाम हातात तसंच घेऊन खाली उतरल्या. मी मागोमाग गेले. आत दिलीप डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वरून पट्ट्यांनी करकचून बांधलेला.

"तोंडाला काय झालंय त्याच्या?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," ड्रायव्हर म्हणाला. "झोपल्यासारखा दिसतोय."

"मग कोंडलाय कशाला?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी वरची पट्टी सोडली आणि प्लास्टिक हनुवटीपर्यंत खाली केलं. चेहरा खरंच झोपल्यासारखा होता. दाढी थोडी वाढलेली. मग त्या अँब्युलन्सच्या पायरीवर बसल्या आणि शालीचे टाके बंद करायला लागल्या. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मेहुणा बॅग घेऊन उभा. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, पण घाई करा असं काकूंना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटचा धागा त्यांनी दातांनी तोडला आणि शाल दिलीपच्या अंगावर नीट पसरली.

"काकू, ही तर तुमची..." मी म्हटलं.

"त्याला लांब जायचंय." मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "आईला तोंड बघू दे त्याचं. कोनी काय पन बोलूदे." मी ते हिंदीत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि माझा नंबर घेतला.

वर आल्यावर मी चहा टाकला. काकू कपाकडे बघत बसून राहिल्या.

"आमच्यांना पन तळोज्यातनंच आनलेलं," त्या म्हणाल्या. "असंच, सगला प्लास्टिकमंदी. मी बोलली, तोंड दाखवा. दीर बोलला, उशीर होतोय. वीस वर्सं झाली. मला अजून वाटतं, तो दुसराच कोनतरी असंल."

चहावर साय धरली. आम्ही दोघींनीही तो प्यायला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा माझ्या मोबाइलवर फोन आला. दिलीपच्या आईला शाल देणाऱ्या बाईशी बोलायचं होतं. मी तशीच काकूंकडे गेले आणि फोन स्पीकरवर लावला. म्हातारी तिच्या भाषेत बोलायला लागली. एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच रडायची, पुन्हा बोलायची.

"हां बाय," काकू म्हणाल्या. "हां, बघितलंस ना तू? बरं झालं."

म्हातारीलाही ते कळलं नसणार. तरी ती बोलत राहिली, काकू हुंकार देत राहिल्या. मेहुणा सांगायला मध्ये आला, तर दोघींनी त्याला दोन भाषांमध्ये गप्प केलं.

माझी ऑफिसची वेळ होत आली होती. मी खुणेनंच विचारलं, तर काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन दोन्ही हातांत धरून त्या ऐकत होत्या.

मी तो तिथेच ठेवून बेलापूरला निघून गेले.