केरबाची करवत आणि खालचं अंगण

रुळावरच्या करवतीने फळीत चौकोन कापला की खाली जमीन दिसत नाही. ती करवत ज्या कंपनीची, त्या कंपनीची जागा दिसते. गडहिंग्लजात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिथे करवत घेताना मोटरच्या ताकदीबद्दल कुणी फारसं विचारत नाही. साध्या हातकरवतीने कापलं तर खाली फरशीच दिसते. पण रूळ मांडून त्यावर मशीन ठेवलं, वरून दाबून पातं फळीच्या मधोमध उतरवलं, चारी बाजू कापून तुकडा उचलला, की खाली निराळाच उजेड असतो. त्या चौकोनातून हात कोपरापर्यंत जातो. त्यापुढे जात नाही, आणि नगरपालिकेने तसा फलकही लावलेला आहे.

केरबा सुताराला अठ्ठावन्नाव्या वर्षी ही करवत घेणं भाग पडलं. मुख्याध्यापिका घाटगेबाईंनी त्याला नव्या स्वयंपाकघराचं काम दिलं होतं, आणि लाकडी ओट्यात सिंकसाठी चौकोन हवा होता. हल्ली त्याची बारा आणे कामं सिंकचीच असत, आणि हातकरवतीने कापलं तर सिंकचं पाणी जायला जागाच नसे. सुतार मंडळाचा नियम असा की एका सुताराने एकच कंपनी घ्यायची आणि ती जन्मभर वापरायची. एकीचा रूळ दुसरीला बसत नाही, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे एका मशीनचे सगळे चौकोन एकाच जागी उघडतात, मग ते कुणाच्याही घरात कापलेले असोत. दर खेपेला जागा बदलली तर गिऱ्हाइकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

जन्माची गोष्ट म्हटल्यावर केरबाचा हात आखडला. तीन महिने तो बाहुबली मगदूमच्या दुकानात जात होता आणि पात्यांचे भाव विचारून परत येत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच. शेवटी एका दुपारी मगदूमनेच विषय काढला.

"मिस्त्री, ब्लेडं किती दिवस बगणार? आज तिन्ही मशिनी चालवून बगा. मग काय ते ठरवा."

दुकानाच्या मागच्या पडवीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर सनमायका लावलेली फळी आडवी टाकलेली होती. उन्हं कौलांच्या फटींतून आत आली होती आणि हवेतला भुसा खाली पडायचं विसरून तिथेच तरंगत होता.

पहिली ओल्डेनबाख, जर्मनीची. पातं असं उतरलं की फळीला पत्ताही लागला नसावा. केरबाने तुकडा उचलला. खाली हिरवा उतार होता, एक सफरचंदाचं झाड होतं आणि झाडाखाली पांढरा घोडा उभा होता. करवतीचा भुसा सावकाश खाली गेला आणि घोड्याच्या पाठीवर बसला. घोडा हलला नाही.

"घोडा रोज असतो?" केरबाने विचारलं.

"रविवारी नसतो. कंपनीची सुट्टी असती."

"आणि सिंकचं पाणी?"

"गवतात जिरतंय. काय तक्रार न्हाई."

दुसरी निशिमोरी. हिचा रूळ फळीला घट्ट धरून बसला आणि कापलेली कड बोट फिरवली तरी लागेना. खाली बर्फ पडत होता. इतका मुकाट्याने पडत होता की बाहेरच्या रस्त्यावरचा भंगारवाला ओरडायचा थांबला. पाणी तिथे गोठतं आणि वर्षातून एकदा फोडावं लागतं, असं मगदूमने आपण होऊन सांगितलं. केरबा बराच वेळ बघत राहिला. तिथे सगळं छान होतं, आणि त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

तिसरी ऐरावत, इकडचीच आणि निम्म्या किमतीची. हिचा रूळ केसभर सरकला आणि एका बाजूने सनमायका उडाला.

"ह्यात काय दिसतंय?"

"कंपनीनं अजून सोताची जागा बसवली न्हाई," मगदूम म्हणाला. "बसिवणार म्हणत्यात. तवर चालवणाऱ्याचंच कायतरी दिसतंय. परवा एका सुताराला त्याची हरवलेली म्हस दिसली."

"मग घेतली त्यानं?"

"न्हाई. म्हशीनं वळखच दाखवली न्हाई."

केरबाने तुकडा उचलला. खाली शेणाने सारवलेलं अंगण होतं, कलत्या उन्हातलं. अंगणात पाटावर बसून हौसाबाई तांदूळ निवडत होती. हौसाबाई केरबाची बायको. तिला जाऊन चैत्रात तीन वर्षं झाली होती.

केरबा हातातला तुकडा बाजूला ठेवून चौकोनावर वाकला. आपल्याला हिची किती आठवण येते हे त्याने तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

हौसाबाईने वर बघितलं. "आलासा व्हय?"

"आलो."

"कड फुटलीया बगा तिकडची. आणि हात दावा जरा, नखाला काय झालंय?"

केरबाने कोपरापर्यंत हात खाली घातला. तिने बोट धरून काळं पडलेलं नख उन्हाकडे वळवलं. तिची बोटं कोमट होती आणि त्यांना तांदळाची पूड लागलेली होती. मगदूम भला माणूस. तो पाठ फिरवून गॅरंटीचं कार्ड वाचत बसला.

"अण्णा, हीच बांधा," केरबा म्हणाला.

मगदूमने कार्ड खाली ठेवलं. "बांधतो. पर मिस्त्री, सिंकच्या पाण्याचं काय?"

हे केरबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. या ऐरावतने त्याने कापलेला गावातला प्रत्येक सिंक याच अंगणात रिकामा होणार. घाटगेबाईंचं आमटीचं पातेलं, आणखी कुणाची मासळीची कढई. हौसाबाईने जिवंतपणी चार घरची भांडी घासली होती. आता मेल्यावरही लोकांचं खरकटं तिच्याच दारात ओतायचं, आणि तेही नवऱ्याच्या हाताने? सिंकची कामं सोडावीत तर चूल बंद. तो फळीच्या कडेला टेकला आणि गुडघ्यावर हात ठेवून बसला. मगदूमने तिन्ही पाती पुसायला घेतली. गिऱ्हाइकाला अशा वेळी घाई करू नये हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"जर्मनवाली द्या," शेवटी केरबा म्हणाला. "घोडंच बरं."

"काय ठरलं म्हनायचं?" खालून हौसाबाईने विचारलं.

त्याने मान खाली घालून तिला सगळं सांगितलं.

"किती घरं व्हतील?"

"वर्साला धा-बारा."

"मग सोडा की. हितं पान्याचं लई हाल हाईत. तीन वर्सं झाली केळ लावलीया, बुडात वल म्हणून न्हाई."

"अगं, खरकटं असतंय."

"मोरीच्या पान्यावरच केळ धरती. आपल्या परड्यात पाणी कसलं ते काय वाचून दावलं व्हतं व्हय तिला?"

"तुज्या अंगावर पडंल."

"मी काय चौकटीखालीच बसून ऱ्हाणार हाय?" हौसाबाई म्हणाली, आणि सूप उचलून ती पाट सरकवायला लागलीसुद्धा.

मगदूमने मंडळाचा फॉर्म भरला. 'खाली काय दिसते' या रकान्यात त्याने 'अंगण, वापरातले' असं लिहिलं आणि केरबाची सही घेतली.

सोमवारी केरबाने घाटगेबाईंच्या ओट्यात चौकोन कापला. फुटलेली कड त्याने लाकडाच्या पट्टीने झाकली. बाईंनी वाकून खाली बघितलं, नमस्कार केला, आणि नळ सोडण्याआधी शाळेतल्यासारखा स्पष्ट प्रश्न विचारला.

"साबण चालेल का त्यांना?"

केरबाने खाली विचारलं. "राख असली तर बरी, म्हणत्यात."

त्या दिवसापासून घाटगेबाई राखेने भांडी घासायला लागल्या.

वर्षभरात अकरा स्वयंपाकघरं झाली. केळ वाढली. दत्त गल्लीत एका घरी सिंकखालचं कपाट उघडलं तर कोवळं पान वर आलं होतं. त्या घरच्यांनी कपाटाचं दार काढून टाकलं. भांडी घासताना बायका खाली बोलायला लागल्या. सासूचं, पोटदुखीचं, लोणच्याच्या प्रमाणाचं, हौसाबाईला सगळं विचारून होई. कुणाकडे काम निघालं की गिऱ्हाइकं आता ओल्डेनबाख नको, निशिमोरी नको, केरबाचीच हवी म्हणत. पाहुणे कडेला ही पट्टी कशाला असं विचारत, तेव्हा घरची माणसं त्यांना गप्प करत.

मग एका दुपारी केरबाने आपल्याच घरात बाजेशेजारी जमिनीवर टाकलेल्या फळीत एक चौकोन कापला. त्यात सिंक बसवायचा नव्हता. जेवण करून, हात धुऊन तो कडेला मांडी घालून बसला आणि त्याने हाक मारली.

"अगं."

खाली अंगण दिसत होतं, केळीची सावली दिसत होती. हौसाबाई दिसत नव्हती. वाफ्याकडून कुदळीचा आवाज आला, आणि मग तिचा.

"जरा दम धरा. घाटगेबाईचं पाणी आलंय, वळवून येते. अजून पाच घरं व्हायची हाईत."

"हूं," केरबा म्हणाला, आणि पाठ भिंतीला टेकून बसून राहिला.