लाल चौकटीतली फाईल

सलीमचाचांच्या घरी नवा पाहुणा आला की त्याची नजर आधी भिंतीवर जाते. तिथे लाल ऑइलपेंटने सहा चौकटी रंगवल्या आहेत आणि प्रत्येकीत खिळ्याला एक फाईल लटकते. घराचे कागद, विमा, रेशनकार्ड, निकाहनामा, चाचांची औषधं, चाचींची औषधं. भोसरीतल्या त्यांच्या लेथच्या शॉपमध्ये पाने आणि पकडी अशाच टांगलेल्या असतात. चौकट रिकामी दिसली की हत्यार गायब, हे लांबूनच कळतं.

मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू. "जागा खाली, तर काम बंद!" हे त्यांचं वाक्य मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं. एकदा चाचींनी रेशनकार्ड शेजारणीला दाखवायला नेलं, तर हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला. रविवारी घड्याळ लावून माझीही परीक्षा व्हायची. "भावा, आग लागली! घराचे कागद कुठायत?" मी भलतीच फाईल काढली की म्हणायचे, "गेलं घर. चल, चहा पी." मी मनातल्या मनात त्यांना हात जोडायचो.

मग एका मंगळवारी दुपारी खाली भांडं पडल्याचा आवाज झाला. धावत गेलो तर चाची ओट्याला टेकून बसलेल्या, तोंड वाकडं, शब्द फुटेना. चाचांना फोन केला, चाचींच्या औषधांची फाईल खिळ्यावरून ओढली आणि रिक्षा पकडली.

हॉस्पिटलात तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ते कळल्याशिवाय इंजेक्शन देता येणार नाही. आणि वेळ फार नाही."

मी ऐटीत फाईल उघडली. आत वर्तमानपत्राच्या घड्या! चाचांचा फोन लागेना. त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू.

एवढ्यात तेलकट हातांनी चाचाच धापा टाकत आले. शर्टाची बटणं काढून त्यांनी बनियनच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागद घामाने दमट झाले होते. "ती गोळी न्हाई, मॅडम. फक्त बीपीची. हे बघा."

इंजेक्शन दिलं गेलं.

बाहेर बाकावर मी त्यांना झापलंच. "चाचा, आमच्या परीक्षा घेता आणि स्वतः रद्दी टांगता?"

ते बोटांवरचं ग्रीस पुसू लागले. "मागच्या रिपोर्टात तिचं बीपी फार वाढलेलं निघालं, तवापासून हे कागद जवळच ठेवतो रे. मशीनवर असलो तरी ती जवळ हाय असं वाटतं. पण चौकट खाली दिसली असती, तर मी घाबरलोय हे तिला कळलं असतं."

तिसऱ्या दिवशी चाचींची जीभ वळू लागली. चाचांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"मला ठाऊक होतं," चाची अडखळत म्हणाल्या. "रोज पुसते ना मी त्या फायली. माझी हलकी लागायची."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तुम्ही कागद परत भिंतीवर टांगले असते."