बिनधुराची फटफटी

एका जंगलात, बाळांनो, चार चाकांची एक फटफटी होती. मोटारसायकललाच दोनाऐवजी चार गुबगुबीत चाकं लावावीत, तशी. पलीकडच्या रिसॉर्टवाल्या माणसाने ती जुनी झाली म्हणून ओढ्यात ढकलून दिली होती. माणसं असं का करतात, ते तुम्ही मोठे झालात की कळेलच. तुम्हीही तेच कराल.

साळोजी साळिंदराने ती बाहेर काढली. फिल्टर धुतला, प्लगवरची काजळी खरवडली, चेनला ग्रीस लावलं. महिनाभर खपला बिचारा. टू-स्ट्रोक इंजिन होतं ते. त्याला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. साळोजी डब्यात पेट्रोल घ्यायचा, त्यात मापाने ऑइल घालायचा, डबा चांगला हलवायचा आणि मगच टाकीत ओतायचा. तिसऱ्या किकला गाडी सुरू व्हायची आणि मागून निळसर धूर निघायचा.

या गाडीवाचून जंगलाचं एक मोठं काम अडायचं. सुईण अस्वलआजी खिंडीपलीकडे राहायची आणि तिचे गुडघे कामातून गेले होते. कुणाला कळा सुरू झाल्या की साळोजी गाडी काढून तिला घेऊन यायचा. आता त्याच्याच लेकीचे, मंजीचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. म्हणून तो हल्ली गाडीला जरा जास्तच जपत होता.

नेमके त्याच सुमारास सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले आणि एक नवा शब्द घेऊन आले. धूरमुक्त!

"आपल्याकडे धूर कोण करतं?" महाराजांनी विचारलं.

महाराजांच्या मेव्हण्याची कोळशाची भट्टी बारा महिने धुमसत होती. पण ती डोंगराआड होती, आणि शिवाय मेव्हण्याची होती. म्हणून सगळ्यांनी फटफटीकडे बोट दाखवलं.

लगेच समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले रंगनाथपंत कोल्हे. पंतांनी जन्मात कधी किक मारली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

"साळोजी, धूर कशाने येतो?"

"ऑइलने, पंत."

"मग घालता कशाला?"

"आत पिस्टन सारखा घासत असतो. ऑइल नसलं तर तो तापून चिकटतो. धूर दिसतोय तोवर समजायचं, आत सगळं ठीक आहे."

"म्हणजे धूर चांगला, असं तुमचं म्हणणं!"

सभा खो खो हसली. इतिवृत्त लिहिणाऱ्या टिटवीने लिहून टाकलं, 'साळोजींचा धुराला पाठिंबा.'

साळोजीने हात जोडले. "पंत, माझ्या मंजीचं होऊ द्या. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. मग हवं ते करा."

"घरगुती अडचणी समितीपुढे आणू नयेत," पंत म्हणाले.

ऑइलचा डबा जप्त झाला. पण ऑइलचं करायचं काय? फेकणं काही बरं दिसेना. तेवढ्यात खंडेनवमी आली, गाडीच्या पूजेचा दिवस. मग वानरांनी ते सगळं ऑइल गाडीला बाहेरून चोळलं. मडगार्डला, हँडलला, सीटला. काय चकाकली म्हणता! झेंडूचा हार घातला, दिव्याला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पंत ऐटीत सीटवर बसायला गेले आणि घसरून पडले. तेवढं सोडलं तर कार्यक्रम झोकात झाला.

टाकीत नुसतं पेट्रोल ओतलं आणि गाडी वडापासून तळ्यापर्यंत जाऊन आली. धूर अगदी नावाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"टाकीत तळाला आधीचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल उरलं होतं, म्हणून चालली," साळोजी म्हणाला.

"यांना मेलं कधी काही चांगलं दिसायचंच नाही," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजीला कळा सुरू झाल्या. साळोजी धावत पंतांच्या दारात गेला.

"पंत, एक माप तरी द्या हो ऑइल!"

"अहो, डबाच्या डबा गाडीलाच तर लावलाय! आणखी किती हवं?"

साळोजीने मडगार्डवरून ऑइल निपटून काढायचा प्रयत्न केला. हाताला ऑइल, कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या लागल्या. मग त्याने देवाचं नाव घेतलं आणि गाडी तशीच, नुसत्या पेट्रोलवर काढली. खिंडीच्या चढावर इंजिन चिरकलं आणि एकदम बंद पडलं. किक खाली जाईना. पिस्टन चिकटला होता.

पुढे तो पळत गेला. अस्वलआजी उठली, काठी टेकत चालू लागली. तिला आधार द्यायला साळोजीचा खांदा होता, पण काट्यांवर ती हात कसा ठेवणार? पोचेपर्यंत दुपार टळली.

मंजीला दोन पिल्लं झाली. एक जगलं. दुसरं आडवं आलं होतं. "घटकाभर आधी आले असते, तर फिरवून घेतलं असतं गं," आजी एवढंच म्हणाली. इथे मला काही गमतीचं सुचत नाही, बाळांनो. सुचू नयेच.

चौकशी मात्र तत्परतेने झाली. गाडी शेवटची कुणी चालवली? साळोजीने. बंदी असताना कुणाचे हात ऑइलने माखलेले सापडले? साळोजीचे. त्याला गाडीला हात लावायला कायमची मनाई झाली.

गाडी वडाखालच्या चौथऱ्यावर चढवली. खाली पाटी लागली, 'जंगलातले पहिले संपूर्ण धूरमुक्त वाहन'. लांबलांबून शिष्टमंडळं बघायला येतात. पंत स्वतः माहिती देतात.

एकदा मंजी पिल्लाला घेऊन तिथून चालली होती. पिल्लाने विचारलं, "आई, ही चालते का गं?"

"नाही रे," मंजी म्हणाली. "हिच्यापायी आपल्यालाच चालावं लागतं."

तात्पर्य: यंत्राची निगा नेहमी बाहेरून राखावी. आतून राखणाऱ्याचे हात तेलकट होतात, आणि चौकशीत आधी हातच बघतात.